धडधडत्या छातीनेही दहा लागतो

ताई,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावची. वय १९, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार वर्षं दहा मीटर एअर रायफल करते. सरावात साठ शॉटना मिळून माझे ६२५ ते ६२८ गुण होतात, मॅचमध्ये होत नाहीत. मागच्या आठवड्यात राज्य स्पर्धेत ६१४.३ झाले.

त्या दिवशी सकाळपासूनच छाती धडधडत होती, हात गार पडले होते. तरी दहा-दहा शॉटच्या पहिल्या दोन सिरीज १०४.८ आणि १०४.३ गेल्या. तिसऱ्या सिरीजचा तिसरा शॉट ९.१ लागला आणि तिथून सगळं बिनसलं. नेम सरकवायला मी साईटच्या दोन क्लिक फिरवल्या, मग परत उलट्या फिरवल्या. आता किती लागले तर क्वालिफाय होईन याचा हिशोब करत बसले. 'शांत हो, शांत हो' असं मनात म्हणत राहिले, तेवढी धडधड वाढली. पुढच्या चार सिरीज १००.९, १०१.२, १०१.० आणि १०२.१. सर म्हणतात, टेक्निक ठीक आहे, मनाने कच्ची आहेस. रेंजवरच्या एका मुलाने सांगितलं की ठोके कमी करायची गोळी मिळते, मॅचच्या तासभर आधी घ्यायची.

पप्पांनी रायफलीसाठी अडीच लाख उभे केले, थोडे सोसायटीतून, थोडे पाहुण्यांकडून. आमचा दोन एकर ऊस आहे. बिल कधी जमा होतंय याकडे घरातल्या सगळ्यांचे डोळे असतात. ट्रिगर ओढताना मला ते पैसे दिसतात. मॅचच्याच रात्री मी ठरवलं की रायफल विकायची. गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी बघायला येणार आहे. पप्पांना अजून सांगितलेलं नाही. झोप नीट लागत नाही. मी खरंच मनाने कच्ची आहे का? आणि रायफल विकते आहे ते बरोबर आहे ना?

— एक नेमबाज

*

अगं पोरी,

आधी रविवारचं बोलू. त्या गिऱ्हाइकाला आजच फोन करून सांग की महिनाभर थांबावं लागेल. त्याला थांबायचं नसेल तर जाऊ दे. नीट ठेवलेल्या रायफलीला महिन्यानंतरही गिऱ्हाईक मिळतं. विकूच नकोस असं मी म्हणत नाहीये. कदाचित विकणंच तुमच्या घरासाठी योग्य ठरेल. पण मॅचच्या रात्री, पाठीवर ६१४.३ घेऊन घेतलेला निर्णय मला मान्य नाही. त्याचं कारण पुढे सांगते.

आता तुझे आकडे. तुझं पत्र वाचताना मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या दोन सिरीजची बेरीज २०९.१. याच चालीने सहाही सिरीज गेल्या असत्या तर ६२७.३. म्हणजे थेट तुझा सरावातला स्कोअर. आणि त्या दोन सिरीज तू कशा मारल्यास ते तूच लिहिलं आहेस: सकाळपासून छाती धडधडत होती, हात गार होते. धडधड पहिल्या शॉटलाही होती. धडधडीनेच शॉट बिघडत असते तर १०४.८ आले कुठून? वीस शॉट तू त्याच छातीने, त्याच गार हातांनी, मॅचच्या लेनवर उभं राहून मारलेस. 'मनाने कच्ची' या शब्दांचा निकाल तुझ्याच स्कोअरशीटवर लागला आहे. तुझ्या सरांनी तळमळीनेच म्हटलं असेल, पण ते शब्द तू मनाला लावून घेऊ नकोस.

मग तेविसाव्या शॉटला बदललं काय? हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

त्याआधी एक हिशोब. दहा मीटरच्या टार्गेटवर एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. ६२७ आणि ६१४ यांतला फरक साठ शॉट्सवर पसरला तर दर शॉटला जेमतेम अर्धा मिलिमीटर पडतो. त्या अर्ध्या मिलिमीटरवरून तू रात्रीतून ठरवलंस की आपण या खेळासाठी जन्मलोच नाही. ताणाखाली माणूस असाच मोठा निष्कर्ष काढतो. त्याला मोजपट्टी दिसेनाशी होते.

शरीराचं थोडक्यात सांगते. समोर काहीतरी पणाला लागलेलं दिसलं की अॅड्रेनॅलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, रक्त कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, बारीक कंप येतो, नजर एका जागी खिळते. हे सगळं निरोगी शरीराचं काम आहे. प्रत्येक मोठ्या नेमबाजाला हे होतं. पॅरिसमध्ये २०२४ साली ऑलिंपिक कांस्य जिंकून आल्यावर आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने काय सांगितलं होतं, आठवतं? सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं, फक्त काळा चहा. ठोके फार जोरात पडत होते. श्वासाकडे लक्ष ठेवलं आणि वेगळं काही करायला गेलो नाही. निलिंग (गुडघ्यावर बसून) आणि प्रोन (पालथं पडून) होईपर्यंत तो पहिल्या तिघांत नव्हता. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने, वर आला आणि ४५१.४ वर तिसरा राहिला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं ते वैयक्तिक पदक. ठोके जोरात पडत असतानाच मिळालेलं.

'वेगळं काही करायला गेलो नाही' हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिही. कारण तेविसाव्या शॉटनंतर तू एकामागून एक वेगळ्या गोष्टी केल्यास.

यावर मला मॅथ्यू एमन्सची गोष्ट सांगायचीच आहे. रेंजवर तू ऐकली असशील, पण बहुतेक अर्धीच. अथेन्स, २००४, पन्नास मीटर थ्री पोझिशनची फायनल. अमेरिकेचा हा मुलगा शेवटच्या शॉटच्या आधी तीन गुणांनी पुढे होता. बरा शॉट लागला असता तरी सुवर्ण त्याचं होतं. शॉट सुटला आणि मॉनिटरवर काहीच आलं नाही. त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारला होता. शून्य गुण, आठवा क्रमांक. ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी त्याने स्वतःच सांगितली आहे. एरवी तो साईटमधून आधी टार्गेटवरचा लेन नंबर बघायचा आणि मग खाली मध्यावर उतरायचा. त्या शॉटला तो स्वतःला शांत करण्यात, चांगला शॉट मारण्यात इतका गुंतला होता की नंबर बघायचं राहून गेलं.

तो निष्काळजी नव्हता, उलट फार काळजी घेत होता. फक्त ती काळजी नेमावरून उठून स्वतःच्या मनःस्थितीवर जाऊन बसली होती. तू 'शांत हो, शांत हो' म्हणत होतीस तेव्हा तुझंही तेच चाललं होतं. लक्ष ही पिशवी लहान असते. तिच्यात 'मी शांत झाले का' हा प्रश्न टाकला की साईट पिक्चरला, म्हणजे साईटमधून दिसणाऱ्या चित्राला, जागा उरत नाही. आणि छाती काही हुकमावर शांत होत नाही. ती शांत होत नाही म्हणून भीती वाढते, भीतीने ती आणखी जोरात धडधडते. 'तेवढी धडधड वाढली' असं तू लिहिलंस, ते अगदी बरोबर निरीक्षण आहे.

सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. मुरलेल्या खेळाडूला स्वतःच्या हालचालीच्या एकेका पायरीवर लक्ष द्यायला लावलं की त्याचा फटका बिघडतो. नवशिक्याचं तसं होत नाही, त्याला पायऱ्या मोजाव्याच लागतात. तुझा हात चार वर्षांत शिकला आहे. मॅचमध्ये एक गुण हुकला की तू त्या हातावर पहारा ठेवतेस, आणि पहाऱ्याखाली तो हात अडखळतो.

एमन्सचं पुढचंही ऐक. बीजिंगला २००८ मध्ये पुन्हा शेवटचा शॉट, पुन्हा तीनहून जास्त गुणांची आघाडी. टार्गेटवर उतरता उतरता बोट ट्रिगरला लागलं आणि ४.४ गेला. चौथा क्रमांक. लंडनला २०१२ मध्ये शेवटचा शॉट ७.६, रौप्य हातात येता येता कांस्य झालं. तीन ऑलिंपिकमध्ये तीन वेळा शेवटचा शॉट रुसला, आणि तरीही अथेन्सचं प्रोनमधलं सुवर्ण, बीजिंगचं रौप्य आणि लंडनचं कांस्य त्याच माणसाच्या नावावर आहे. अथेन्सच्या त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला आलेल्या कातेरझिना कुर्कोव्हा या चेक नेमबाजाशी पुढे त्याचं लग्न झालं, आणि बीजिंग ऑलिंपिकचं सगळ्यात पहिलं सुवर्ण तिने जिंकलं. अथेन्सच्याच रात्री त्याने रायफल विकली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. दर वेळी गोष्ट अशी गोड होते असं नाही, हेही मला माहीत आहे. मला एवढंच दाखवायचं आहे की एका शॉटवरून, एका मॅचवरून माणसाच्या मनाची जात ठरवता येत नाही.

आता तुझ्या क्लिक. याबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे, कारण इथेच तुझे गुण गेले असं मला वाटतं. ९.१ लागल्यावर तू दोन क्लिक फिरवल्यास. कशाच्या पुराव्यावर? त्या शॉटचा कॉल काय होता? मॉनिटरकडे बघायच्या आधी तू स्वतःशी म्हणालीस का की हा उजवीकडे सुटला? कॉल उजवीकडचा आणि मॉनिटरही उजवीकडे, तर साईट निर्दोष आहे. तो शॉट तुझा होता, तो तिथेच सोडायचा. कॉल मधला आणि तीन शॉट एकाच बाजूला जात असतील तर क्लिकचा किंवा पोझिशनचा विचार करायचा. एका शॉटवर क्लिक फिरवणं म्हणजे भीतीने घेतलेला निर्णय. त्याने काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि पुढच्या दहा शॉट्सचा पाया हलतो.

काहीतरी करायलाच हवं, ही ओढ ताणात फार जबर असते. फुटबॉलच्या २८६ पेनल्टी किकांचा अभ्यास करून २००७ साली इस्रायली संशोधकांनी दाखवलं की गोलकीपर जवळपास प्रत्येक वेळी डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतात, आणि मध्ये उभं राहिले असते तर जास्त चेंडू अडवले असते. पण उभं राहून गोल झाला तर लोक म्हणतील, हा हललासुद्धा नाही. रायफलीत याचं रूप म्हणजे होल्ड, म्हणजे नेम धरून ठेवणं, लांबला तरी रायफल खाली न घेणं. आठ-दहा सेकंद झाले, चित्र थिजलं, डोळ्याला शीण आला, हे कळतंय. तरी 'आता आलोच आहोत तर मारून टाकू'. साठ शॉटला ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. रायफल दोनदा खाली घेऊनही वेळ उरतो. मॅचमधला सगळ्यात अवघड निर्णय हाच आहे, शॉट न मारण्याचा. सरावात त्याचे वेगळे मार्क ठेव: एका सत्रात किती वेळा रायफल खाली घेतलीस ते वहीत लिही, आणि आकडा शून्य असेल तर त्या दिवशी स्वतःला नापास कर.

अभिनव बिंद्राने सांगितलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. बीजिंगच्या फायनलच्या आधीच्या साईटरला, म्हणजे चाचणीच्या शॉटला, त्याचा शॉट दहाच्या आसपासही नव्हता. त्या क्षणी त्याला साईट फिरवावीच लागली. फिरवली, पुन्हा तपासली आणि कामाला लागला. शेवटच्या शॉटला फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनशी बरोबरी होती, बिंद्राने १०.८ मारला, हॅकिनेनचा ९.७ गेला. साईट त्यानेही फिरवली आणि तूही फिरवलीस. पण दहा मारणाऱ्या माणसाचा साईटर इतका लांब जातो तेव्हा तो एक शॉटही पुरावा असतो, आणि साईटर त्यासाठीच असतात. तुझा तेविसावा शॉट तसा नव्हता. आणि अथेन्सला २००४ मध्ये हाच बिंद्रा फायनलमध्ये सातवा आला होता. मधल्या चार वर्षांत त्याने जे केलं त्यात उंच खांबावर चढून भीतीशी गाठ घालण्यापर्यंतचे प्रकार होते. भीती जाईल म्हणून तो चढला नाही. भीती असताना हातपाय चालवायची सवय व्हावी म्हणून चढला, असं मी समजते.

तुझ्या गावात तसा खांब नसेल, नकोही. सरावाच्या शेवटी, दमल्यावर, रेंजच्या बाहेर दोन फेऱ्या पळ, आत ये आणि ठोके जोरात असतानाच पाच शॉट मार. चांगले लागणार नाहीत. महिनाभर कर. धडधडीत होल्ड कसा दिसतो, तो कुठे हलतो, कुठे थांबतो हे डोळ्यांना ओळखीचं झालं पाहिजे. शनिवारी दोन मैत्रिणींना मागे बसवून गोंगाट करायला सांग आणि फायनलच्या वेळेप्रमाणे ५० सेकंदांत एक शॉट मार. पप्पांना एकदा मागे बसव. पप्पा मागे असताना मारलेला १०.२ माझ्या लेखी एकटीने मारलेल्या १०.८ पेक्षा मोठा आहे.

मॅचच्या सकाळी 'शांत हो' हे शब्द वर्ज्य. त्याऐवजी मोठ्याने म्हण, 'मला मारायची उत्सुकता आहे.' हे भाबडं वाटेल, पण यावर नीट प्रयोग झाले आहेत. अॅलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेने २०१४ साली दाखवलं की गाणं म्हणण्याआधी, भाषणाआधी, गणिताच्या चाचणीआधी ज्यांनी स्वतःला 'मी उत्सुक आहे' म्हटलं, त्यांनी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. भीतीत आणि उत्सुकतेत छाती सारखीच धडधडते. भीतीवरून उत्सुकतेवर जाणं एका पावलाचं आहे. भीतीवरून शांतीवर जायला अख्खा डोंगर उतरावा लागतो, आणि तेवढा वेळ लेनवर नसतो. आदल्या रात्री दहा मिनिटं वही घेऊन बस आणि ज्याची भीती वाटते ते सगळं लिहून काढ, अगदी अडीच लाखसुद्धा. परीक्षेआधी दहा मिनिटं अशी भीती लिहून काढलेल्या विद्यार्थ्यांना त्याचा फायदा झाल्याचं बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०११ साली दाखवलं आहे. कागदावर उतरलेली गोष्ट मनाला सारखी धरून ठेवावी लागत नाही.

बेरजेचंही बघ. तू शॉटच्या मधे क्वालिफिकेशनचा हिशोब करत होतीस. मॉनिटरवरची एकूण बेरीज झाकता येते का, नियमात बसतं का, हे मॅचआधी ज्युरींना विचार. बसत नसेल तर नजर फक्त शॉटच्या ठिपक्यावर न्यायची आणि परत पेलेटच्या (छऱ्यांच्या) डबीवर आणायची, अशी सवय लाव. मी पाहिलेले बरेच चांगले नेमबाज डबीकडेच बघत असतात.

गोळीबद्दल स्पष्ट बोलते. त्या मुलाने सांगितलेली गोळी बहुधा बीटा ब्लॉकर गटातली असणार. ठोके कमी करणारी ही औषधं नेमबाजीत बंद आहेत, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची २००८ च्या बीजिंगमधली दोन्ही पदकं प्रोप्रानोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली गेली. बंदी लागली तर तुझ्या चार वर्षांच्या कष्टावर कायमचा डाग पडेल. आणि दमा असलेल्या किंवा रक्तदाब कमी असलेल्या माणसाला ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घातक ठरू शकतात. वाईट म्हणजे हा मुलगा कदाचित आणखी कुणाला सांगत असेल. तुझ्या सरांच्या कानावर घाल. चहाडी होईल म्हणून गप्प बसू नकोस. एखाद्या पंधरा वर्षांच्या पोराने ऐकून घेतली तर काय होईल याचा विचार कर.

आता पप्पांचे अडीच लाख. पत्रातलं हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. 'ट्रिगर ओढताना मला ते पैसे दिसतात.' हे तुझ्या मनाचं दुबळेपण आहे असं तुला वाटत असेल, तर एक अभ्यास सांगते, तोही उसाचाच. तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडी आणि लक्षाच्या चाचण्या सोडवायला दिल्या, एकदा तोडणीच्या आधी, हात तंगीत असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. तोच शेतकरी, तोच मेंदू. पैसे नसताना तो हळू पडायचा आणि जास्त चुकायचा. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. पैशाची चिंता डोक्यात जागा अडवते, उरलेल्या कामाला जागा कमी पडते. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम कागदावर आहे. प्रत्यक्षात किती वाट बघावी लागते हे तुझ्या घराला मी सांगायला नको. तू ती वाट बघणं खांद्यावर घेऊन लेनवर उभी राहतेस. रायफलीचं वजन पाच किलोच्या आसपास, पण तू त्याहून बरंच जास्त उचलते आहेस.

हे ओझं कमी कर म्हणून सांगणं सोपं आहे. ते कमी होईल फक्त पप्पांशी बोलून. आज ते पैसे एक आकार नसलेली भीती आहेत. रविवारी गिऱ्हाइकाऐवजी पप्पांसमोर बस, वही घे आणि आकडे मांडा: सोसायटीचे किती उरले, हप्ता कधी, पाहुण्यांना कधी द्यायचे, पेलेट, प्रवास, एंट्री फी मिळून वर्षाला किती लागतात, बिल आलं तर किती सुटतील. आणि त्यांना हेही विचार की पैसे काढताना त्यांच्या मनात काय होतं. तू धरून चालली आहेस की त्यांना पदक हवं आहे. कदाचित त्यांना पोरगी रेंजवर जाताना बघायचं असेल. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, त्यांनाच माहीत आहे. त्यांच्या पैशाने घेतलेली रायफल त्यांना न सांगता विकू नकोस. उद्या ती गेली तर तुझ्या मनावर पैशाच्या जोडीला लपवल्याचंही ओझं येईल.

विकण्याच्या निर्णयाबद्दल माझी एक आठवण सांगते. मी कॉलेजात असताना एनसीसीकडून रायफल चालवायची. एका मॅचमध्ये फार वाईट मारलं. एस.टी.तून परत येताना खिडकीशी बसून ठरवलं की संपलं, आणि आठवड्याच्या आत माझं जॅकेट एका ज्युनिअर मुलीला देऊन टाकलं. पुढे मी या खेळाकडे वळले ती नेमबाजांच्या मनाबरोबर काम करायला. ते काम मला प्रिय आहे. पण तो निर्णय बरोबर होता का हे मला आजही ठरवता येत नाही, कारण तो मी घेतलाच नव्हता. त्या रात्रीच्या लाजेने तो घेतला होता. दुखणं ताजं असतं तेव्हा माणसाला वाटतं, हे असंच राहणार, आयुष्यभर मॅचनंतर मला असंच वाटणार. मग जे दुखवतं ते घरातून बाहेर काढावंसं वाटतं. आठ-पंधरा दिवसांत दुखणं ओसरतं, पण तोपर्यंत जॅकेट गेलेलं असतं.

म्हणून महिना. या महिन्यात तू सराव कर, पण कोणतीही मॅच खेळू नकोस. महिन्याच्या शेवटी, सकाळी, पोटात नीट काहीतरी असताना, त्या वहीसमोर बस आणि स्वतःला विचार: त्या दिवशी ६२७ झाले असते तरी आज मी रायफल विकली असती का? उत्तर 'हो' असेल, कारण घराला खरोखर पैसे हवेत किंवा तुला आता दुसरं काहीतरी जास्त हवंसं वाटतं, तर वीक. ताठ मानेने वीक, त्यात हरल्यासारखं काहीही नाही. उत्तर 'नाही' असेल तर तू फक्त एक वाईट दिवस विकायला निघाली होतीस.

वयाची घाई करू नकोस. तुझ्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनच्या जगज्जेत्या झाल्या, आणि त्यांचं पहिलं ऑलिंपिक आलं टोकियोला, २०२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. तू १९ ची आहेस.

झोपेचं शेवटी लिहिते आहे, पण ते मी हलकं धरलेलं नाही. मॅचनंतर चार-सहा रात्री झोप उडणं समजू शकते. आणखी आठवडाभर अशीच गेली, जेवण तुटलं, कशातच मन लागेना, किंवा जगावंसं वाटत नाही असा विचार एकदाही मनात आला, तर कुणाचीही परवानगी न घेता १४४१६ ला फोन कर. टेलिमानसचा हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. घरातल्या एका माणसालाही सांग. आईला सांगितलंस तरी चालेल. पत्रात आईचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून विचारते.

पुढच्या पत्रात मला स्कोअर लिहू नकोस. एका सराव सत्राचं वहीचं पान पाठव: प्रत्येक शॉटचा तुझा कॉल, त्याच्यासमोर मॉनिटरने दाखवलेली जागा, आणि कडेला, किती वेळा रायफल खाली घेतलीस तो आकडा.

— ताई